सभा संध्याकाळी सातला का?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजची बैठक संध्याकाळी सातला ठेवली म्हणून तीन-चार तालुक्यांतून तक्रार आली. शिरपूर-चोपड्याकडच्या मंडळींची शेवटची एस.टी. चुकते, मायबहिणींचा स्वयंपाक राहतो. तक्रार खरी आहे. मुक्कामाची आणि पिठलं-भाकरीची सोय केली आहे ती त्यासाठीच. पण होळी झाली की मृग लागेपर्यंत, सकाळी दहाच्या पुढे आणि संध्याकाळी पाचच्या आत, आम्ही यापुढे एकही उघड्यावरची सभा घेणार नाही. पुढारी कितीही मोठा असो, त्याला कोणतेही विमान गाठायचे असो. हे का ठरवले ते आज सांगायचे आहे. कापसाच्या भावाचा विषय आज बाजूला ठेवतो. तो फार वेळ बाजूला राहत नाही, हे तुम्हांलाही ठाऊक आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, माणसाचेही नाही. ते घर आजही आपल्याबरोबर आहे. मे महिना. सभा साडेअकराची जाहीर केलेली. मंडप व्यासपीठावर आणि पुढच्या दहा रांगांवर. बाकीची माणसे उघड्यावर. वक्ते आले दोन वाजता. मागच्या बाजूला साठीच्या घरचा एक शेतकरी बसला होता, दोन गाड्या बदलून आलेला, चार एकर कोरडवाहूचा धनी. दीडच्या सुमाराला तो काहीतरी असंबद्ध बोलू लागला, उठला, तोल जाऊन बसला. शेजारचा एक तरुण म्हणाला, "प्यायला असेल." आम्हीही तेच समजलो. पुढे तो आडवा झाला तेव्हा धावपळ सुरू झाली. त्याला जीपमध्ये घातले, वारा लागू नये म्हणून काचा वर केल्या आणि अंगावर सत्काराची शाल पांघरली. तोंडात पाणी ओतायचा प्रयत्न केला, ते बाहेर आले. तालुक्याच्या गावी पोचायला चाळीस मिनिटे लागली. कागदावर लिहून आले : हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.

आम्ही शेतीचे पदवीधर. केळीचे पान उन्हाने कुठे करपते, ज्वारी दुपारी पान का गुंडाळते, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. माणूस तापून बरळतो आहे हे आम्हांला ओळखता आले नाही. चुकले ते एकाचे नाही. सभा साडेअकराला ठेवली तिथपासून शाल पांघरली तिथपर्यंत प्रत्येक पायरीवर चुकले. परतताना त्याच गावचा एक म्हातारा आम्हांला म्हणाला, "तुम्ही मंडपमा, आम्ही उनमा." एवढेच म्हणाला. त्याच्यावर उत्तर नव्हते.

नंतर १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला काय झाले ते तुम्ही ऐकले आहे. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, लाखो माणसे, व्यासपीठावर छत, समोरच्या मैदानावर काही नाही. उष्माघाताने चौदा माणसे गेली. हवामान केंद्राची त्या भागातली नोंद सुमारे ३८ अंशांची होती. आपण खानदेशची माणसे ३८ ला हसतो. भुसावळला, जळगावला, धुळ्याला मे महिन्यात ४३-४४ म्हणजे नेहमीचेच. मग ३८ ला माणसे कशी गेली? एक कारण समुद्राकाठची दमट हवा. घाम येतो पण सुकत नाही. दुसरे कारण आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते. ती माणसे श्रद्धेने आलेली होती, शिस्तीने बसलेली होती. पाणी प्यायला उठले तर जागा जाईल, मधूनच उठणे बरे दिसणार नाही, असे वाटून माणूस बसून राहतो. आपल्या सभेतही तेच होते. आपण त्याला निष्ठा म्हणतो आणि पुढच्या अंकात "रणरणत्या उन्हात हजारोंची उपस्थिती" असे छापतो. असे मथळे आम्हीही दिले आहेत. त्या घटनेनंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असे जाहीर केले. चौदा माणसे गेल्यावर सुचले खरे, पण आपल्याला तरी त्याआधी कुठे सुचले होते?

आता अंगात काय होते ते पाहू. अंगाची उष्णता ३७ अंश. हवा ४४ अंश असेल तर अंगाची उष्णता हवेत जात नाही, हवेचीच अंगात येते. वर काम करताना अंग स्वतः उष्णता तयार करते ती वेगळी. ती बाहेर टाकायला एकच वाट उरते, घाम सुकण्याची. एक लिटर घाम अंगावरच सुकला तर तो जी उष्णता घेऊन जातो, तेवढ्यात पावणेसहा लिटर बर्फासारखे गार पाणी उकळीला येईल. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणजे विहिरीचा उपसा चालू आहे आणि झरा बंद आहे. पाणी आत गेले नाही तर घाम आटतो, आणि घाम आटला की अंग भट्टीसारखे तापते.

ज्वारीचे पीक आठवा. पाण्याचा ताण पडला की ती पान गुंडाळते, पानावरचे मेण तिला राखते, वाढ थांबवून ती उभी राहते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. म्हणून तर कोरडवाहूला तिच्यासारखे पीक नाही. माणसाला थांबायची ही सोय नाही. रक्तच घट्ट होऊ लागते, मूत्रपिंडावर भार येतो, मेंदू तापतो. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत, ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे मोठ्या संख्येने निकामी होऊ लागली. ना मधुमेह, ना रक्तदाब. उन्हातले जड काम आणि अपुरे पाणी हे त्याचे एक मोठे कारण ठरले. तिथल्या काही कारखान्यांनी फडातच सावलीचे तंबू दिले, पाणी दिले, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती दिली, तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. औषध काही नवे नव्हते. आपल्याकडेही पोरांना दुपारभर लघवी होत नाही, झाली तर चहाच्या रंगाची होते, आणि ती गोष्ट कोणी घरी सांगत नाही. लघवीचा रंग हे शेतकऱ्याचे थर्मामीटर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

पाणी किती? तहान लागेपर्यंत थांबू नका. कष्टाचे काम असेल तर वीस मिनिटांनी एक पेला. नुसते पाणीच पाणी पिऊनही चालत नाही, घामातून मीठ गेलेले असते. आपल्या घरात त्याचे उत्तर आहे : ज्वारीची आंबील, ताक आणि मीठ. शहरात तिला आता बाटलीत भरून विकतात. चक्कर आली, पोटऱ्यांत गोळे आले तर मीठ-साखरेचे पाणी द्या. लिटरभर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असल्याच पाण्याने असंख्य जीव वाचवले. पाकीट विकत घेणार असाल तर पावडरीचेच घ्या. गोड पेयांच्या डब्यांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२५ मध्ये मनाई करावी लागली, यावरून काय चालले होते ते ओळखा. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, मिठाचेही विचारा.

खिशातल्या कांद्याबद्दल दर वर्षी प्रश्न येतो. कांदा भाकरीबरोबर खा, तो आपलाच माल आहे. खिशात ठेवून त्याने ऊन अडत नाही.

कपड्यांचे मात्र सांगायलाच हवे. कापूस पिकवणारा आपला जिल्हा, आणि सभेत नजर टाकली तर निम्मे सदरे टेरिकॉटचे! भाव नाही म्हणून कापसाशी रुसलो की काय? सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि डोक्याला, कानाला, मानेला गुंडाळलेला मोठा सुती रुमाल हा पोशाख आपल्या आजोबांनी विचार करूनच ठरवला होता. हवा अंगापेक्षा गरम असली की उघडे अंग जास्त तापते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अंग उन्हाला सरावते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्याच्या टिपेइतकाच मार्च-एप्रिलचा पहिला कडक आठवडाही वाईट. सुरतेला कारखान्यात आठ महिने सावलीत काम करून आलेला मुलगा गावी येतो आणि पहिल्याच दिवशी बापाच्या बरोबरीने पऱ्हाट्या उपटायला उभा राहतो. बाप टिकतो, मुलगा पडतो. मुलगा नाजूक नसतो, सरावलेला नसतो. आजारातून उठलेल्याचेही तसेच. पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम द्या, रोज थोडे वाढवा.

उन्हाळ्यातली आपली कामे कोणती? दादर निघाली, पऱ्हाट्या उपटायच्या, धसकटे वेचायची, शेणखत टाकायचे, बांध घालायचे, आणि ज्यांना धूळपेरणी करायची त्यांची मेअखेरची घाई. पहिल्या पावसाच्या आधी सगळे व्हायला हवे हे खरे, पण यातले एकही काम दुपारी दोनलाच केले पाहिजे असे नाही. पहाटे पाचला सुरू करून दहाला सुटावे, पुन्हा साडेपाचला लागावे. हे आम्ही सांगितले की मोठे शेतकरी म्हणतात, सालदार ऐकत नाहीत. अहो, सालदार ठरतो आखाजीला, ऐन वैशाखात. साल ठरवताना ज्वारी किती, कपडे किती, उचल किती हे सगळे बोलता. मग दुपारची सुटी किती आणि वावरात पाण्याचा माठ कोणी भरायचा हेही त्याच बैठकीत बोलून घ्या. दुबई-अबुधाबीच्या वाळवंटात तेलाचे मालक बसले आहेत, तेथेही भर उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजूर लावायला सरकारची बंदी आहे. आपल्याकडे २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी असे लिहिले होते. किती कामांवर ती पेटी पाहिली, ते हात वर करून सांगा. (सभेत हशा.) हसू नका. आपल्या स्वतःच्या वावरात तरी कुठे आहे?

आणि मायबहिणींचे ऊन मोजतच नाही कोणी. बिबड्या, पापड, कुरडया गच्चीवर घालायच्या त्या उन्हातच. आखाजीला खापरावर मांडे भाजायचे, बाहेर ४३ अंश, चुलीपुढे त्याहून जास्त, अंगावर नायलॉनचे लुगडे, आणि घरात पाहुणे म्हणून दुपारभर घोटभर पाणी प्यायची फुरसत नाही. वावरात किंवा प्रवासात आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, ही गोष्ट आम्हांला महिला आघाडीच्या बैठकीत कळली. त्याआधी वीस वर्षे आम्ही "भरपूर पाणी प्या" एवढेच सांगत होतो. तेव्हा शौचालय हासुद्धा उष्माघाताचाच विषय आहे. बिबडीची उकड पहाटे शिजवून आठच्या आत गच्चीवरून खाली यावे. मांडे भाजणारीला तासाने बदली द्यावी, आणि ती बदली घरातल्या पुरुषाने दिली तर खापर काही फुटत नाही.

आता प्रवास. आखाजीला लेकी माहेरी येतात, लग्नसराई असते. २०२३ पासून एस.टी.त बहिणींना अर्धे तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना तर फुकट. चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया भर दुपारी विनंती थांब्यावर उभ्या असतात, आणि त्या थांब्याला एक लिंबाचे झाडही नसते. तालुका शाखांनी या पावसाळ्यात आपापल्या फाट्यांवर लिंब लावावेत, पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे. हे काम कोणत्याही मागणीपत्राशिवाय होते.

लग्नाचे काय सांगावे? मुहूर्त साडेबाराचा, लागते दीडला, वरात डांबरावर, आणि तरुण मंडळी दारू घेऊन नाचतात. दारूने अंगातले पाणी आणखी जाते आणि अंग तापले आहे हे कळतही नाही. गोरज मुहूर्त शास्त्रातच आहे, तो घ्या. वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तीस किलोमीटर नेऊ नका. ट्रॉली उलटली की एका घरातली नव्हे, एका गल्लीतली माणसे जातात. उभ्या गाडीत मुलाला "पाच मिनिटांत येतो" म्हणून बसवून ठेवू नका. आणि सुटीत पोरे तापीच्या डोहात, गिरणेत, विहिरीत उतरतात, त्यांच्याबरोबर पोहणारा मोठा माणूस आणि एक दोर असू द्या. याहून जास्त त्यावर बोलायला नको, प्रत्येक गावाला आपापला अनुभव आहे.

उन्हात चालायचे कसे हे कोणाकडून शिकायचे असेल तर वणीच्या गडावर जाणाऱ्यांकडून शिका. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीचा उत्सव असतो. खानदेशातून हजारो माणसे पायी निघतात. जाणती मंडळी पहाटे आणि रात्री चालतात, दुपारी मळ्यात नाहीतर शाळेच्या ओसरीवर पडून राहतात, वाटेवरची गावे पाणी आणि ताक घेऊन उभी असतात, एकटे कोणी चालत नाही. एक भीती त्यात राहते ती अंधारात मागून येणाऱ्या गाडीची. म्हणून शेवटच्या माणसाच्या पाठीला चमकती पट्टी हवी. आंदोलनालाही हे जमते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर शेतकरी चालले. त्यांचे सोललेले तळपाय सगळ्या देशाने पाहिले. शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले, दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण होऊ नये म्हणून. परीक्षेसाठी रात्री चालता येते, तर आपल्याच माणसांच्या जिवासाठी का नाही?

सगळे करूनही माणूस पडला तर काय करायचे, ते नीट ऐका. त्या दिवशी आम्हांला माहीत नव्हते ते हे आहे. अंग कढत आणि माणूस बरळतो, ओळख विसरतो, झटके येतात किंवा शुद्ध जाते, तर तो उष्माघात. कातडी कोरडीच असते असे नाही, काम करताना पडलेल्याला घामही असतो. "प्यायला असेल" हा शब्द उन्हाळ्यात तोंडातून काढायचा नाही. एकाने १०८ ला फोन करायचा. बाकीच्यांनी तिथल्या तिथे सावलीत न्यायचे, कपडे काढायचे, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहायचे आणि रुमालाने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने वारा घालायचा. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. पाणी कोमट असले तरी चालते, वारा हवा. लाजू नका, धोतर ओले होईल म्हणून थांबू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचे नाही. तापाची गोळी द्यायची नाही, हा ताप त्या गोळीचा नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंग गार झाले तर माणूस बहुधा वाचतो. गाडीतही काचा उघड्या आणि पाणी चालू. शाल नाही.

आणि दवाखान्यात पोचल्याबरोबर अंगाचे तापमान मोजून कागदावर लिहायला सांगा. ४० अंशांच्या वर, म्हणजे १०४ च्या वर, असेल तर ते लिहिलेले हवे. लिहिले नाही तर उद्या तो उष्माघात होता हे कोणी मानणार नाही. आमच्या त्या भावाच्या घरी मदतीसाठी कागद घेऊन फिरताना हे कळले. दर उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात उष्माघात कक्ष उघडल्याचा फोटो छापून येतो. शाखेच्या दोघांनी मार्चमध्येच जाऊन पाहून यायचे : पंखा फिरतो का, बर्फ कुठून येणार, रात्री किल्ली कोणाजवळ. भांडायला जायचे नाही, पाहायला जायचे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, तेव्हा त्या शहराने शहाणे होऊन २०१३ मध्ये उष्म्याचा आराखडा केला, आधी इशारा, पाण्याची ठिकाणे, दवाखान्यांची तयारी. आपल्या बाजार समितीला असा आराखडा का नसावा?

बाजार समितीवर आलो म्हणजे भावावर आलो. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तो भाव परत येईल म्हणून खानदेशात आपण थांबलो. २०२३ च्या मे महिन्यात कापूस घराघरांत पडून, अंगाला खाज सुटलेली, वजन सुकून घटलेले आणि भाव आठ हजारांच्या खाली. शेवटी तो विकायला गाड्या भरून रांगेत उभ्या राहिल्या त्या कधी? भर उन्हाळ्यात, दुपारी. शेतकरी हौसेने उन्हात उभा राहत नाही. भाव पडल्याने त्याला थांबावे लागते आणि थांबल्याने त्याला उन्हात उभे राहावे लागते. आपल्या मालावर बाजार फी गोळा होते. तेव्हा तिच्यातून आवारात छप्पर, पिण्याचे गार पाणी, बायकांसाठी शौचालय आणि मार्च ते जून सकाळी सहाला काटा सुरू, हे चारही मिळालेच पाहिजे. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या समित्यांना हे निवेदन द्यायचे आहे. निवेदन द्यायलाही सकाळी आठला जायचे, बारा वाजता नाही.

आता कामाचे. पुढची बैठक सकाळी साडेसहाला सुरू होऊन साडेनऊला संपेल. मंडप असेल तर सगळ्यांवर असेल, नाहीतर व्यासपीठावरही नसेल. दर शंभर माणसांमागे दोन माठ आणि एक स्वयंसेवक, ज्याला भाषण ऐकायचे नाही, फक्त माणसांचे चेहरे पाहायचे आहेत. भाषण चालू असताना कोणीही उठून पाणी प्यायला जावे, आमचे चालू असले तरी. तालुकाप्रमुखांनी स्वयंसेवकांची नावे आज रात्रीच जेवणाआधी लिहून द्यावीत. पारोळा आणि साक्रीची नावे अजून आलेली नाहीत.